निरोगी एकतीस

एकतीस नंबरचा निरोगी कोण होता, एवढंच नव्या मॅडमनी विचारलं होतं. त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. सकाळचे साडेदहा झाले होते, खिडकीबाहेर कुणीतरी काचा पुसत होतं, आणि ती नेहमीसारखी आपल्या उंच स्टुलावर बसून एका घराण्याची वेल शाईने पक्की करत होती. पण पेन कागदावर जरा जास्त वेळ टेकलं आणि कुणा एका आत्याबाईच्या गोलात, जिचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता, टपोरा ठिपका उमटला. सव्वीस वर्षांत असा ठिपका तिच्या हातून पडला नव्हता. रजिस्टरमध्ये बघून सांगते, असं ती म्हणाली. घाई नाही ताई, असं म्हणून मॅडम आपल्या खोलीकडे वळल्या. घाई नव्हतीच. अकरा वर्षं कुणालाच घाई नव्हती. तिने खणातून ब्लेडचं पातं काढलं आणि कागद फाटणार नाही अशा बेताने ठिपका खरवडायला घेतला.

प्रयोगशाळेत तिला सगळे वेलबाई म्हणत. रक्त न थांबण्याचा आजार ज्या घरांत चालत आलेला असे, त्या घरांची माणसं इथे येत, हात पुढे करत, रक्त देत, आणि मग तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसून आपल्या गोतावळ्याची हकिकत सांगत. ती ते सगळं एका मोठ्या कागदावर उतरवत असे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजारी असेल तर आतून काळा. मेलेल्यावर तिरकी रेघ. आणि जी बाई स्वतः धडधाकट, पण आजार अंगात बाळगून पुढे पोरांना देणारी, तिच्या गोलाच्या मधोमध एक ठिपका. हा आजार बायका वाहतात आणि पुरुष भोगतात. घरोघरी यावरूनच भांडणं. ठिपका आधी पेन्सिलीने, खात्री झाल्यावर शाईने, हा तिचा नियम. थोरले सर होते तेव्हा ते पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे की आमच्या वेलबाईंच्या शाईवर डोळे मिटून विश्वास ठेवा. सर निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. त्यांचं टेबल आता मॅडमकडे, त्यांची जुनी न सुटलेली प्रकरणंही मॅडमकडे. नवा झाडू चांगला झाडतो म्हणतात. या तर कोपऱ्यातलं काढायला लागल्या होत्या.

अकराच्या चहाला मॅडमनी आपण होऊनच सांगितलं, आणि ती कपाच्या कडेवर बोट फिरवत ऐकत राहिली. प्रकरण शिंपीणबाईंचं होतं. एक बाई, घरी कपडे शिवणारी, सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन यायची. मुलाचा गुडघा सुजून भोपळा झालेला असायचा. मुलाला आजार आहे हे उघडच होतं, इंजेक्शनंही चालू होती. पण त्याच्या जनुकात नेमकं काय बिघडलंय ते सापडलं तरच त्याची मोठी बहीण, मावशा, मावसबहिणी यांच्यात कोण ठिपक्याची आणि कोण कोरी हे सांगता येणार होतं. सरांना एक बदल सापडला होता. लहानसा, एका अक्षराचा. हाच असणार असं वाटत असताना रीतीप्रमाणे पन्नास निरोगी माणसांच्या रक्तात तो आहे का हे बघितलं, आणि पन्नासांतल्या एकात तो निघाला. एकतीस नंबरात. जो बदल निरोगी माणसात आहे तो आजाराचं कारण असू शकत नाही, असं म्हणून सरांनी फाइल मिटली. आता मॅडम म्हणत होत्या की जगभरातल्या लाखभर माणसांच्या याद्या त्यांनी चाळल्या, हा बदल कुठ्ठेच नाही. फक्त शिंपीणबाईंच्या घरात आणि आपल्या एकतीस नंबरात. एकतीस पुरुष असेल तर सरांचंच बरोबर. पण बाई असेल तर? बाई निरोगी दिसेल आणि वाहतही असेल. सरांनी तेही ताडलं असणार, पण नोंदीत 'घरात आजार नाही' असं होतं म्हणून त्यांनी तो विचार सोडला. "माणसं विसरतात ना, ताई," मॅडम म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.

विसरतात हा शब्द त्यांनी भलेपणाने वापरला होता. तिला तो चांगला वाटला आणि वाटल्याबद्दल स्वतःची शिसारी आली. पन्नास निरोगी गोळा करायचे होते त्या आठवड्यात सरांनी शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांचे हात मागितले होते. नळ्यांवर नंबर चिकटवायचं काम तिचं. तिसापर्यंत माणसं मिळाली आणि त्या दिवसापुरती रांग संपली, तेव्हा सर म्हणाले, वेलबाई, तुमचाच हात द्या की. तिने दिला. दंडाला रबर बांधता बांधता सरांनी फॉर्ममधले चार प्रश्न विचारले, आणि ती प्रत्येकाला नाही म्हणाली. चौथा प्रश्न होता, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास? तो पुरता विचारून होण्याआधी तिच्या तोंडून नाही निघालं होतं आणि तिचं उत्तर पुरतं होण्याआधी सरांनी खूण केली होती. दोघंही या कामात मुरलेली, असले प्रश्न रोज विचारणारी. नवख्या माणसाने कदाचित थांबून विचार केला असता. त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने नळीवर एकतीस लिहिलं आणि पुढे कित्येक दिवस सर तिला गमतीने 'आमच्या शिक्क्याच्या निरोगी' म्हणत. तिला ते आवडायचं. दिवसभर काळे चौकोन काढणाऱ्या बाईला कुणीतरी निरोगी म्हणावं, यात सुख होतं.

ती कागदावर वाकली होती, पण वेल पुढे सरकत नव्हती. तिला जिना दिसत होता. लाकडी, तीन पायऱ्यांचा, अंगणातून घरात चढणारा. धाकटा भाऊ सहा वर्षांचा, ती नऊची. घरात सगळ्यांना एकच वाक्य पाठ होतं: तो पडला. पाहुण्यांना, शाळेला, शेजाऱ्यांना, पुढे पुढे एकमेकांनाही. तो पडला. तीन पायऱ्यांवरून पडून कुठलं पोर मरतं? तो पडला होता हे खरं होतं, पण त्याच्या दोन दिवस आधी त्याचा दुधाचा दात हलत होता आणि तो त्याने तिच्याकडून ओढून घेतला होता. दोरा तिने बांधला होता. दोऱ्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला. दात निघाला तेव्हा दोघं हसली. मग उशी लाल झाली, मग दुसरी उशी, मग आईने जुनी चादर फाडून बोळे करायला घेतले. आणि तिसऱ्या दिवशी पांढराफटक झालेला तो पाय मोकळे करायला म्हणून बाहेर निघाला, तिथे पडला. सांगताना फक्त शेवटचं उरलं. आईचा एक भाऊही असाच कुठून तरी पडला होता. त्या घराण्यात पुरुष फार पडत. हे सगळं ठाऊक असलेली मुलगी मोठी झाली, शिकली आणि नेमकी याच आजाराच्या दारात नोकरीला येऊन बसली. लोक याला योगायोग म्हणतील. शेकडो घरांच्या वेली काढल्या, आपल्या घराची काढली नाही. बाळंतपणात तिचं रक्त तीन दिवस थांबत नव्हतं, तेव्हा सुईण म्हणाली होतं असं, आणि तिनेही मनात म्हटलं होतं असं. मुलगी लहानपणी जरा कुठे आपटली की निळी पडायची. नाजूक आहे, कांती गोरी आहे म्हणून दिसतं. दुसऱ्या कुठल्या बाईने खुर्चीत बसून हे सांगितलं असतं तर तिने ऐकता ऐकता पेन्सिलीचा ठिपका दिला असता. दिव्याखाली अंधार म्हणतात. पण दिव्याला तरी ते ठाऊक नसतं.

जेवणाच्या सुट्टीत ती जेवली नाही. किल्ली तिच्याकडेच असायची. तिने लोखंडी कपाट उघडून शिंपीणबाईंची वेल काढली आणि टेबलावर पसरली. कागद घड्यांवर पिवळा पडला होता. हा मुलगा, काळा चौकोन. तो चौदा वर्षांचा होऊन गेला, तिरकी रेघ. ही त्याची मोठी बहीण, तेव्हा नुसता पेन्सिलीचा ठिपका. लग्न ठरलं तेव्हा ही बहीण आईबरोबर येऊन याच खुर्चीत बसली होती. माझ्या पोटी असं मूल येईल का, एवढं सांगा, मग काय ते मी ठरवीन, असं ती म्हणाली होती. साधी, सरळ, जराही न रडता. इथून तिला पत्र गेलं की कारण सापडलेलं नाही, त्यामुळे सांगता येत नाही. ते पत्र वेलबाईंनीच टाइप केलं होतं आणि 'सांगता येत नाही' हे शब्द उगाच कोरडे वाटतात म्हणून पुढे 'क्षमस्व' घातलं होतं. मुलीने नशिबावर हवाला ठेवला. बाळाला जन्मताना डोक्यात रक्तस्राव झाला. ते घरून कळवलं तेव्हा तिने गोलाखाली एक लहान चौकोन काढला, काळा केला, रेघ मारली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, नऊ दिवस. बाळाच्या चौकोनानंतर त्याच्या आईचा ठिपका सिद्धच झाला. तेव्हा तो शाईने दिला. त्याच्या आधी तो ना पक्का करता आला होता ना पुसता, कारण पन्नासांतली एक बाई शिक्क्याची निरोगी होती.

आणखी एक गोष्ट तिला आत्ता आठवली आणि ती तशीच बसून राहिली. पहिल्याच भेटीत शिंपीणबाई सही करताना तिच्या हाताकडे बघून हसल्या होत्या. तुमचा अंगठा माझ्या आजीसारखा आहे, म्हणाल्या होत्या, असा मागे वळणारा. आजी म्हणायची, असा अंगठा असला की सुई हातातून सुटत नाही. बघा, माझाही तसाच. दोघींनी अंगठे शेजारी शेजारी धरले होते आणि हसल्या होत्या. जगात मागे वळणारे अंगठे काय कमी आहेत? पण वेलीच्या अगदी वर, शिंपीणबाईंच्या आजीच्या गोलाशेजारी, तिच्याच हाताने काढलेला एक गोल होता. त्यातून खाली काही गेलेलं नव्हतं, नुसतं लिहिलं होतं: बहीण, लग्न होऊन दूर, पुढचं माहीत नाही. पुढचं माहीत नाही. पुढचं ती स्टुलावर बसून लिहीत होती.

तिने त्या गोलापासून पेन्सिलीने रेघ खाली ओढली. तो गोल म्हणजे आपली आजी. मग आई, आणि आईचा पडलेला भाऊ. मग आपण, आणि आपला पडलेला भाऊ. दोन्ही चौकोन तिने काळे केले, त्यांवर तिरक्या रेघा मारल्या. स्वतःचा गोल काढून तिने त्यात ठिपका दिला. तेवढा एक शाईने. खाली मुलीचा गोल काढला आणि तिथे पेन्सिल थांबली. मुलीला सातवा महिना चालू होता. लहानपणी शाळेतून आली की ती याच टेबलाखाली बसून वाया गेलेल्या वेलींतले चौकोन रंगवायची, गोलांना डोळे काढायची. तिच्या बोलीत मुलगे म्हणजे चौकोन आणि मुली म्हणजे गोल. आमच्या वर्गात बावीस चौकोन आहेत आणि त्यांतले एकवीस मठ्ठ आहेत, असं ती येऊन सांगायची. आता ती नवऱ्याबरोबर परदेशात, तिथे मुलगा की मुलगी हे आधी सांगायला बंदी नाही. गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली होती की चौकोन की गोल ते तपासणीत कळलंय, पण भेटल्यावरच सांगणार, तू तोवर तरस. पाच वाजता तिने वेल आणि रजिस्टर उचललं. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. तिने रजिस्टर मॅडमच्या टेबलावर एकतीस नंबरच्या पानावर उघडं ठेवलं, सरांच्या अक्षरातल्या 'घरात आजार: नाही' यापुढे एक छोटा गोल काढला, त्यात ठिपका, आणि शेजारी आपली सही केली. त्याखाली वेल ठेवली. निघताना तिला वाटलं, काही हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही. काय वाटणार? नऊ दिवसांचे दहा होणार नव्हते.

घरी आई खिडकीशी खुर्चीत बसून पायाला तेल लावत होती. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. ऐकू कमी येई, पण सोयीचं सगळं ऐकू येई. ती चप्पलसुद्धा न काढता आईसमोर जाऊन बसली आणि तिने सरळ विचारलं, भाऊ दाताने गेला ना? आईचा हात पोटरीवर थांबला. पन्नास वर्षांनी या घरात तो प्रश्न आला होता. पण आई दचकली नाही, की रडली नाही. तेल पुसून टाकत ती म्हणाली, हो, दाताने. माझाही भाऊ तसाच, पायात काच शिरून. जसं काही कुणी भाजी कितीला आणली विचारावं आणि तिने सांगावं. मग आज हे कुठून निघालं, असं तिने विचारलं. हिने सांगितलं. नळी, नंबर, चौथा प्रश्न, शिंपीणबाई, नऊ दिवस. सोपं करून, मोठ्याने, दोनदा. आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. निव्वळ न उमजणं होतं.

"पण तू तिथे नाही कशाला म्हणालीस?" आई म्हणाली. "मी तर तुला लग्नापुरतं सांगितलं होतं."

लग्नापुरतं. तिला ती दुपार आठवली. ती बावीस वर्षांची, स्थळ बघायला येणार, आणि आई तिची वेणी घालता घालता मागून सांगत होती: भावाचं विचारलं तर पडला म्हणायचं. दुसरं काही विचारलं तर नाही म्हणायचं. कळलं ना? नाही म्हणायचं. आई त्या दुपारपुरतं सांगून मोकळी झाली होती, आणि ती ते जन्मभर म्हणत राहिली. नवऱ्याला म्हणाली, तो बिचारा तसाच गेला, काहीही न कळता. सुईणीला म्हणाली, मुलीच्या शाळेत म्हणाली, सरांना म्हणाली. कुणी काही बळजबरी केली नव्हती. लग्न जमल्यावर घराबाहेर ठेवायची वस्तू तिने आत आणून जागेवर ठेवली होती आणि रोज पुसत राहिली होती. आईवर चिडावं तर आईने काय केलं होतं? "मला वाटलं, तू तिथे नोकरीला लागलीस म्हणजे तुला सगळं कळलंच," आई म्हणाली. "तू डॉक्टरांतली. आम्हाला काय कळतं?" आणि तेलाची वाटी तिने बाजूला सरकवली.

फोन वाजला तेव्हा ती अजून चपलांतच होती. मुलीचा फोन रोज याच वेळेला येई. जिना चढताना तिला दम लागतो म्हणून खालच्या बाकावर बसून ती आईशी बोले. आजही तशीच बोलत सुटली. पाय सुजलेत, नवरा रात्रंदिवस पुस्तकं वाचून डोकं खातोय, पाळणा आणलाय पण तो जोडताना दोन स्क्रू उरले आणि आता कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. ती हं, हं करत होती. मुलगी म्हणाली की आज दवाखान्यात नाव घातलं. बाळंतपणाचा फॉर्म भरून घेतला, चार पानी, बाई गं, एवढे प्रश्न तर लग्नाच्या वेळी सासूने विचारले नव्हते.

"घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का, असंही होतं," मुलगी म्हणाली. "मला तुझी आठवण झाली. मी नाही लिहिलंय. बरोबर ना?"

"नाही," ती म्हणाली.

"हो, तेच लिहिलंय," मुलगी म्हणाली, आणि पाळण्याच्या स्क्रूंकडे परत वळली.

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तिने खरा वापरला होता आणि तो पोचला नव्हता. इतका झिजला होता की आता त्याच्यातून एकच अर्थ निघत होता. ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. आई खुर्चीतून तिच्याकडे बघत होती. वाटलं, असू दे. निम्मी शक्यता तर आहे की आपला ठिपका हिच्यात उतरलाच नसेल. उतरला असला तरी तो हिच्या मुलात उतरेलच असं कुठे आहे? आणि मुलगी असली तर प्रश्न एक पिढी पुढे गेला. हे हिशेब तिला पाठ होते. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बायकांना ती हेच हिशेब हळू आवाजात सांगत आली होती, आणि त्या माना डोलवत उठून जात. शिंपीणबाईंची मुलगीही अशीच उठून गेली होती. पलीकडे मुलगी हसत काहीतरी सांगत होती. तिने तिला मधेच तोडलं.

"तुझा मामा पडला नव्हता," ती म्हणाली.

मग एकदा तोंड उघडल्यावर तिने सगळं सांगितलं, दोऱ्यापासून रजिस्टरपर्यंत. स्वतःला कुठे झाकलं नाही. आणि लगेच, तिला येत होती ती एकच गोष्ट सांगितली: उद्या सकाळी उठून दवाखान्यात जायचं, फॉर्म बदलायचा, तुझं रक्त मॅडमकडे पाठवायचं, बाळंतपणात चिमटा लावायचा नाही, ओढाओढ करायची नाही, हे आधीच लिहून घ्यायचं. कळलं ना? बोलता बोलता तिला जाणवलं की वेणी घालणाऱ्या आईचाच हा स्वर आहे, आणि ती थांबली. रस्त्यावरून गाडी गेल्याचा आवाज आला. मुलगी टेबलाखाली वाढलेली होती. तिला समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"म्हणजे तू ठिपक्याची," मुलगी म्हणाली.

"हो."

"आणि मी?"

"तुझा अजून पेन्सिलीचा," ती म्हणाली. "निम्मी शक्यता."

मुलगी रागवेल, रडेल, फोन आपटेल, याची तिने तयारी केली होती. आईसमोर अजून चपला घालूनच बसून ती वाट बघत होती, आणि मुलगी जेव्हा बोलली तेव्हा तिचा आवाज लहानपणीसारखा, टेबलाखालून आल्यासारखा आला.

"भेटल्यावर सांगणार होते," ती म्हणाली. "चौकोन आहे, आई."